बिनीचे पाच जण

मिलवॉकी शहरातील काउंटी स्टेडियम हे मुळात बेसबॉलसाठी बांधलेले मैदान. त्यावर फुटबॉलच्या रेषा आखल्या म्हणजे जागा इतकी अपुरी पडे, की दोन्ही प्रतिस्पर्धी संघांना मैदानाच्या एकाच कडेस उभे राहावे लागे. ग्रीन बे येथील पॅकर्स संघाचे काही सामने १९९४ पर्यंत तेथे होत असत, आणि १९८०च्या दशकात नोकरीनिमित्त त्या शहरी आलेल्या मला अमेरिकन फुटबॉल प्रथम तेथेच पाहावयास मिळाला. शेजारच्या आसनावर एक वृद्ध गृहस्थ होते. तरुणपणी ते आपल्या शाळेच्या संघातून ‘गार्ड’ म्हणून खेळलेले. माझी मान सारखी चेंडूमागे फिरते आहे हे त्यांच्या ध्यानी आले, तेव्हा त्यांनी माझ्या दंडावर हलकेच हात ठेवून, पुढील दहा डाव चेंडूकडे ढुंकूनही न पाहता केवळ डाव्या गार्डवर नजर ठेवण्यास मला सांगितले. त्या दहा डावांत चेंडू कोठे गेला आणि गुण कोणास मिळाले, हे मला समजले नाही. परंतु एक गडी समोरच्या गड्यास एकदा छातीने, एकदा खांद्याने, एकदा नुसत्या पावलांच्या चलाखीने वाटेतून कसा दूर करतो, आणि चौथ्या वेळी स्वतःची जागा सोडून उजव्या अंगास धावत जाऊन भलत्याच गड्यास कसा आडवा करतो, हे मी पाहिले. आणि या खेळातील संघांविषयी व खेळाडूंविषयी माझी जी काही मते आज आहेत, ती सर्व त्या दुपारच्या पायावर उभी आहेत.

ज्यांना या खेळाचा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा केला पाहिजे. शंभर यार्ड लांबीच्या मैदानावर प्रत्येक पक्षाचे अकरा गडी असतात. चेंडू ज्याच्या ताब्यात आहे त्या पक्षास चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकावे लागते. सरकला तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, न सरकला तर चेंडू प्रतिपक्षाच्या हवाली होतो. या एकेका प्रयत्नास ‘डाऊन’ असे नाव आहे. चेंडू पुढे फेकावयाचा की धावणाऱ्याच्या हाती द्यावयाचा, हे काम बहुतेक वेळा क्वार्टरबॅक या एका गड्याकडे असते, आणि वर्तमानपत्रे, दूरचित्रवाणी व जाहिराती यांचा सारा प्रकाश त्याच्याच अंगावर पडतो. त्याच्या पुढे पाच धिप्पाड गडी ओळीने वाकलेले असतात : मध्ये सेंटर, त्याच्या दोहों बाजूंस दोन गार्ड आणि दोन्ही टोकांस दोन टॅकल. सेंटर आपल्या पायांमधून चेंडू मागे देतो, एवढाच काय तो या पाचांचा चेंडूशी संबंध. त्यांच्या पाठीवर बहुधा ५० ते ७९ यांपैकी एखादा आकडा असतो, आणि पंचांना आगाऊ वर्दी दिल्यावाचून असा आकडा धारण करणाऱ्याने पुढे फेकलेला चेंडू झेलावयाचा नाही, असा नियम आहे. सामन्याच्या जमाखर्चात धावलेले यार्ड, फेकीचे यार्ड, झेल आणि गुण यांची बारकाईने नोंद होते. या पाचांच्या नावावर मात्र नेमून दिलेल्या दंडाखेरीज बहुधा काहीच जमा होत नाही. पेशवाईतील फौजेत मुख्य सैन्याच्या पुढे राहून वाट मोकळी करणारे बिनीवाले असत. फुटबॉलच्या फळीतील या पाचांना मी मनाशी बिनीचे गडी म्हणतो. संघाचे भवितव्य क्वार्टरबॅकच्या हातांपेक्षा या पाचांच्या पायांत अधिक असते, असे माझे ठाम मत आहे, आणि विजेतेपदे मोजून क्वार्टरबॅकांची थोरवी ठरविण्याची जी रीत येथे रूढ झाली आहे, ती मला सर्वस्वी चुकीची वाटते.

माझा संघ पॅकर्स, म्हणून दाखलेही प्रथम तेथूनच देतो. ग्रीन बे हे जेमतेम लाखभर वस्तीचे गाव. १९१९ मध्ये कर्ली लॅम्बो या तरुणाने तेथे संघ उभा केला, तेव्हा तो ज्या इंडियन पॅकिंग कंपनीत नोकरीस होता तिने गणवेशासाठी पैसे दिले आणि त्यावरून संघास पॅकर्स हे नाव पडले. कंपनीच्या नावातील ‘इंडियन’ या शब्दाचा आपल्या देशाशी संबंध नाही, हे मला येथे आलेल्या अनेक पाहुण्यांना सांगावे लागले आहे. १९२३ पासून या संघाची मालकी कोणा धनिकाकडे नसून सामान्य भागधारकांकडे आहे. आज त्यांची संख्या पाच लाखांवर असून त्यांना लाभांश म्हणून एक छदामही मिळत नाही. अशा गावच्या संघाने १९५८ च्या हंगामात एक सामना जिंकला, एक बरोबरीत सोडविला आणि दहा गमावले. पुढच्या वर्षी व्हिन्स लोम्बार्डी हे प्रशिक्षक म्हणून आले.

लोम्बार्डींचे चरित्र सांगणारे लोक त्यांच्या करड्या शिस्तीवर आणि भाषणांवर भर देतात. मला महत्त्वाची वाटते ती निराळीच गोष्ट. न्यूयॉर्कच्या फोर्डम विद्यापीठात शिकत असताना लोम्बार्डी स्वतः गार्ड होते. कडेचे दोघे धरून सात गड्यांच्या १९३६ सालच्या तेथील फळीस लोक ‘ग्रॅनाइटचे सात चिरे’ म्हणत, त्या सातांतील ते एक. म्हणजे हा मनुष्य खेळाकडे पाहत होता तो फळीतून, जमिनीजवळून. त्यांनी पॅकर्सना जी मुख्य चाल शिकविली तिला ‘स्वीप’ म्हणतात, आणि ती चाल गार्डलाच सुचावी अशी आहे. सेंटरने चेंडू मागे देताच दोन्ही गार्ड, उजवीकडचा जेरी क्रेमर आणि डावीकडचा फझी थर्स्टन, आपापल्या जागा सोडून एकामागोमाग उजव्या कडेकडे धावू लागतात. त्यांच्या मागून चेंडू घेतलेला पॉल हॉर्नंग अथवा जिम टेलर. क्रेमर कडेवरील रक्षकास बाहेर ढकलतो, थर्स्टन कोपऱ्यावर वळून आतील रक्षकावर जातो, आणि दोघांच्या मध्ये, क्षणभरच, एक दार उघडते. प्रतिपक्ष बाहेर झुकला तर धावणाऱ्याने आत वळावयाचे, आत झुकला तर बाहेर; जेथे उजेड दिसेल तेथे जावयाचे. या चालीत गुपित असे काहीच नव्हते. ती येणार हे साऱ्या प्रतिपक्षांस ठाऊक असे, आणि तरीही ती थांबविता येत नसे, कारण गार्डची पहिली दोन पावले किती लांब असावीत इथपर्यंत तिचा अभ्यास झालेला होता. जॉन मॅडन हे पुढे स्वतः थोर प्रशिक्षक झाले. तरुणपणी आपण एका शिबिरात लोम्बार्डींना या एका चालीवर आठ तास बोलताना ऐकले, असे ते सांगत असत. १९६० च्या अंतिम सामन्यात फिलाडेल्फियाने पॅकर्सना १७–१३ असे हरविले. त्यानंतर लोम्बार्डींच्या हाताखाली पॅकर्स विजेतेपदासाठीच्या फेऱ्यांत एकही सामना हरले नाहीत आणि १९६१ ते १९६७ या सात वर्षांत पाच वेळा विजेते ठरले.

त्यांपैकी शेवटच्या वर्षीचा, ३१ डिसेंबर १९६७ चा डॅलसविरुद्धचा सामना मी चित्रफितीवर इतक्या वेळा पाहिला आहे, की त्यातील शेवटचा डाव मला डोळे मिटूनही दिसतो. तापमान उणे २५ अंश सेल्सियस. मैदान गोठू नये म्हणून जमिनीखाली बसविलेली तापयंत्रणा निकामी झालेली. शिटी ओठांस चिकटू लागल्यामुळे पंच तोंडाने ओरडून खेळ थांबवीत असलेले. डॅलसकडे १७–१४ अशी आघाडी. पॅकर्सनी ६८ यार्डांची मजल सुरू केली तेव्हा पाच मिनिटेही उरली नव्हती, आणि ते प्रतिपक्षाच्या अंतिम रेषेपासून हातभर अंतरावर पोहोचले तेव्हा उरले होते १६ सेकंद. त्याआधीच्या दोन प्रयत्नांत धावणाऱ्याचे पाय बर्फावर घसरले होते. बार्ट स्टार या क्वार्टरबॅकने चेंडू स्वतःजवळच ठेवून क्रेमरच्या मागून घुसावयाचे ठरविले. क्रेमरच्या समोर डॅलसचा जेथ्रो प्यू होता; अशा वेळी प्यू अंग खाली न घेता उंचच राहतो, हे क्रेमरने त्याच आठवड्यात चित्रफिती पाहताना हेरले होते. गोठलेल्या जमिनीत त्याच्या उजव्या पायास किंचित आधार सापडला. चेंडू हलताच तो प्यूच्या छातीखाली शिरला, सेंटर केन बोमनने बाजूने रेटा दिला, आणि त्या दोघांच्या अंगावरून स्टार रेषेपार पडला. २१–१७. मागे चक मर्सिन हात वर करून उभा होता. लोकांस तो विजयाचा हर्ष वाटला, परंतु आपण स्टारला मागून ढकललेले नाही, हे पंचांना दिसावे म्हणून ते हात वर गेले होते.

त्या रात्री दूरचित्रवाणीवर तो डाव पुनःपुन्हा दाखविण्यात आला, आणि एका गार्डचे काम सबंध देशाने डोळे भरून पाहिले. पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या क्रेमरच्या दैनंदिनीवजा पुस्तकाचे ‘इन्स्टंट रीप्ले’ हे नाव त्यावरूनच आले. पण एवढे होऊनही कँटन येथील व्यावसायिक फुटबॉलच्या कीर्तिमंदिरात क्रेमरला स्थान मिळण्यास २०१८ साल उजाडावे लागले, तेव्हा तो ८२ वर्षांचा होता. व्यावसायिक संघांच्या लीगच्या पन्नास वर्षांच्या निमित्ताने निवडलेल्या सर्वोत्कृष्ट संघातील गार्डला पुढची जवळजवळ पन्नास वर्षे तिष्ठत ठेवावे, याचे मला फार वाईट वाटत असे. थर्स्टन तर आजही तेथे नाही. उलट स्टारचे नाव लागलीच, १९७७ मध्ये दाखल झाले. स्टारविषयी माझ्या मनात अतिशय आदर आहे. नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत १७व्या फेरीत, २००वा म्हणून निवडला गेलेला आणि चार वर्षे कोणाच्या खिजगणतीत नसलेला हा खेळाडू लोम्बार्डींच्या फळीमागे उभा राहिला आणि थोर ठरला. सन २००० मध्ये न्यू इंग्लंडने १९९वा म्हणून निवडलेल्या टॉम ब्रेडीची सात विजेतेपदे सांगताना लोक सहसा दान्ते स्कार्नेकिया या फळीच्या प्रशिक्षकाचे नाव घेत नाहीत, मी घेतो.

माझ्या म्हणण्यास सर्वांत सबळ पुरावा मात्र ग्रीन बेचा नसून वॉशिंग्टनचा आहे. जो गिब्ज हे तेथे प्रशिक्षक असताना जो ब्यूगल यांनी जी फळी घडविली, तिला लोक प्रेमाने ‘हॉग्ज’ म्हणजे डुकरे म्हणत, आणि चाहते डुकराचे मुखवटे लावून सामन्यास येत. जो जेकोबी, रस ग्रिम, जेफ बॉस्टिक, मार्क मे ही त्यातील नावे. वॉशिंग्टनने १९८२, १९८७ आणि १९९१ या हंगामांत सुपर बोल, म्हणजे विजेतेपदाचा अंतिम सामना, जिंकला, आणि तिन्ही वेळा क्वार्टरबॅक निरनिराळा : जो थाइझमन, डग विल्यम्स, मार्क रिपियन. या तिघांपैकी एकही कँटनच्या कीर्तिमंदिरात नाही. रस ग्रिम आहे. क्वार्टरबॅकवाचून विजेतेपद नाही, असे जे म्हणतात त्यांनी या तीन नावांचा विचार करावा. विल्यम्सच्या नेतृत्वाखाली वॉशिंग्टनने डेन्व्हरविरुद्धच्या सामन्यात एका चतुर्थांशात ३५ गुणांचा पाऊस पाडला आणि सुपर बोल जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक म्हणून त्याने इतिहासात नाव कोरले, हा पराक्रम कोणीही कमी लेखू नये. परंतु त्या चतुर्थांशाची चित्रफीत पाहताना तो किती निवांतपणे उभा आहे, हेही पाहावे.

धावणाऱ्यांविषयीचा एक वाद मित्रमंडळींत वर्षानुवर्षे चालत आला आहे : एमिट स्मिथ थोर, की बॅरी सँडर्स? आकडा स्मिथच्या बाजूस आहे. १८,३५५ यार्डांचा त्याचा विक्रम आजही अबाधित असून डॅलसबरोबर त्याने तीन सुपर बोल जिंकले. सँडर्सने डेट्रॉइटसाठी दहा वर्षांत १५,२६९ यार्ड धाव घेतली, १९९७ च्या एका हंगामात २,०५३, आणि शरीर धडधाकट असताना १९९९ मध्ये तो अचानक निवृत्त झाला. त्या दहा वर्षांत विजेतेपदाच्या फेऱ्यांतील एकच सामना त्याच्या संघाने जिंकला, तोही योगायोगाने डॅलसविरुद्धच. माझा कौल सँडर्सला. डेट्रॉइटची फळी टाकाऊ होती असे नव्हे, लोमस ब्राऊनसारखा टॅकल तीत होता. पण डॅलसची फळी ही भिंत होती आणि तिच्यामागून पहिली पाच पावले स्मिथला कोणाच्या अडथळ्यावाचून टाकता येत, तर सँडर्सला पुष्कळदा चेंडू हाती पडताच वाट चुकवावी लागे. अलीकडे सेक्वॉन बार्कलीने हा वाद एकट्यानेच निकालात काढल्यासारखे मला वाटते. २०२३ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सकडून त्याने ९६२ यार्ड धाव घेतली. पुढच्याच हंगामात तो फिलाडेल्फियास गेला आणि २,००५ यार्ड धावला. पाय तेच होते, पुढचे पाच जण बदलले होते.

याविरुद्ध जे बोलता येईल तेही प्रांजळपणे मांडले पाहिजे. क्लीव्हलँडचा डावा टॅकल जो थॉमस हा आमच्याच विस्कॉन्सिन राज्याचा. २००७ मध्ये निवड जाहीर होत असताना तो समारंभास न जाता वडिलांबरोबर मिशिगन सरोवरात मासे धरीत होता. त्याने सलग १०,३६३ डाव एकही न चुकविता खेळले, म्हणजे अकराव्या हंगामात दंडाचा स्नायू फाटेपर्यंत तो एका डावासाठीही मैदानाबाहेर गेला नाही. याहून निष्ठावान कामगिरी माझ्या पाहण्यात नाही, आणि तरी त्याच्या नशिबी विजेतेपदाच्या फेरीतील एकही सामना आला नाही. यावरून फळीचे महत्त्व खोटे ठरते काय? मला तसे वाटत नाही. कबड्डीत साखळीतील एक हात पोलादी असला तरी शेजारचा हात सुटला की चढाई करणारा निसटतो; फळी पाचांची मिळूनच असते. मायामीचा क्वार्टरबॅक डॅन मारिनो हा आक्षेप मात्र अधिक अवघड आहे. १९८४ मध्ये त्याने ५,०८४ यार्ड फेकी केल्या आणि ४८ टचडाऊन मिळविले, म्हणजे तितक्यांदा चेंडू प्रतिपक्षाच्या अंतिम रेषेपार पोहोचविला, ड्वाइट स्टीफनसनसारखा अप्रतिम सेंटर त्याच्यापुढे होता, आणि तरी त्या वर्षीचा सुपर बोल तो ३८–१६ असा हरला व पुन्हा कधी त्या सामन्यापर्यंत पोहोचला नाही. त्या सामन्यात मायामीने धावण्याचे अवघे ९ प्रयत्न करून २५ यार्ड मिळविले. ज्या फळीस सतत मागे सरकत बचावच करावा लागतो, पुढे धडक मारण्याची संधीच मिळत नाही, तिचा दम सरतो, असे मी याचे उत्तर देतो; ते सर्वांस पटतेच असे नाही.

ब्रेट फार्व आणि ॲरन रॉजर्स या क्वार्टरबॅकांविषयी लिहिल्यावाचून कोणाही पॅकर्सभक्ताचे लिखाण पुरे होत नाही. फार्वने सलग २९७ सामने सुरुवातीपासून खेळले. त्याच्या सहनशक्तीची स्तुती सर्वत्र झाली, पण त्यातील निम्मा वाटा मी चॅड क्लिफ्टन व मार्क टॉशर या २००० मध्ये आलेल्या दोन टॅकलांसारख्या गड्यांना देतो. प्रतिपक्षाने झेललेल्या ३३६ फेकींचा विक्रमही फार्वच्याच नावावर आहे, आणि जानेवारी २००८ मधील जायंट्सविरुद्धच्या सामन्यातील त्याची शेवटची फेक माझ्या काळजात अजून सलते. रॉजर्सच्या हाताइतका अचूक हात मी पाहिलेला नाही. २०१० च्या विजेतेपदात त्याच्या उजव्या टॅकलच्या जागी ब्रायन बुलागा हा अवघ्या २१ वर्षांचा मुलगा होता; सुपर बोलमध्ये सुरुवातीपासून खेळलेला तो सर्वांत तरुण खेळाडू.

२०२० च्या हंगामात मात्र रॉजर्स ऐन भरात असताना घात झाला. लीगमधील उत्तम डावा टॅकल म्हणून ज्याची ख्याती होती तो डेव्हिड बाख्तियारी ३१ डिसेंबर रोजी सरावात गुडघा दुखावून बसला. क्रेमरने प्यूला हटविले त्या दिवसास त्या तारखेस ५३ वर्षे झाली होती. साडेतीन आठवड्यांनी टँपा बेने आमच्याच लॅम्बो फील्ड या मैदानावर आम्हाला ३१–२६ असे हरविले, आणि कडांवरून आत घुसणाऱ्या दोघा गड्यांनी रॉजर्सला पाच वेळा जमिनीवर पाडले. शेवटी दोन मिनिटे उरली असता आमच्या प्रशिक्षकांनी टचडाऊनचा प्रयत्न न करता तीन गुणांची किक मारली, म्हणून गावभर त्यांच्या नावाने बोटे मोडण्यात आली. मला तो निर्णय चुकीचाच वाटला, पण सामना त्या किकने गेला नाही. दोनच आठवड्यांनी त्याच टँपा बेपुढे कॅन्सस सिटीचा क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्स दोन्ही नेहमीच्या टॅकलांवाचून उभा राहिला, जिवाच्या आकांताने सैरावैरा धावला, आणि ३१–९ असा हरला. सबंध सामन्यात त्याच्या संघास एक टचडाऊन मिळाले नाही. कॅन्सस सिटीच्या कारभाऱ्यांनी त्यातून जो बोध घेतला तो मला फार आवडला : त्यांनी जवळजवळ सबंध फळी बदलली. दोन वर्षांनी त्यांची गाठ फिलाडेल्फियाशी पडली. त्या हंगामात फिलाडेल्फियाने प्रतिपक्षाच्या क्वार्टरबॅकांना ७० वेळा पाडले होते. अंतिम सामन्यात माहोम्सला एकदाही पाडता आले नाही. मैदानावरील गवत निसरडे होते, असे फिलाडेल्फियाचे लोक म्हणतात, आणि ते खोटे नाही.

त्याच फिलाडेल्फियाने फेब्रुवारी २०२५ मध्ये हिशेब चुकता केला. एकही जादा गडी चढाईस न पाठविता त्यांच्या चौघांनी माहोम्सला सहा वेळा पाडले आणि सामना ४०–२२ असा जिंकला. त्या दिवशी माझी नजर होती ती त्यांच्या डाव्या टॅकलवर. जॉर्डन मायलाटा हा ऑस्ट्रेलियात रग्बी लीग खेळणारा तरुण. २०१८ मध्ये शेवटच्या, सातव्या फेरीत त्याची निवड झाली तोवर त्याने आयुष्यात अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळला नव्हता. सहा फूट आठ इंचांच्या त्या देहास पावले मोजून मागे सरकावयास जेफ स्टाउटलँड यांनी अक्षरशः पहिल्या धड्यापासून शिकविले. आता तो मागे सरकतो तेव्हा त्याचे डोके वर-खाली हलत नाही. समोरून येणाऱ्याचा हात अंगास लागण्यापूर्वी त्याचे दोन्ही तळवे त्याच्या छातीवर पोहोचलेले असतात.

माझ्या शेजारचे ते वृद्ध गृहस्थ आता नाहीत. लॅम्बो फील्डवर डिसेंबरातील सामना असला म्हणजे मी तासभर आधी जाऊन बसतो. क्वार्टरबॅक मध्यभागी फेकीचा सराव करीत असतो आणि कॅमेरे त्याच्याभोवती असतात. एका कोपऱ्यात मात्र फळीचे गडी दंड उघडे टाकून, त्या थंडीत, ओळीने वाकलेले असतात. सेंटर काहीतरी ओरडतो, पाचही जण एकदम उजवीकडे दोन पावले टाकतात, थांबतात, परत जागेवर येतात, आणि पुन्हा वाकतात. त्यांच्या डोक्यांवरून वाफ निघत असते.